सर्वनामांची साक्ष
लॅटिनमधील ‘वोस’ म्हणजे तुम्ही, अनेकजण. स्पेनमध्ये तो शब्द एकट्या माणसालाही आदरार्थी लावू लागले. तेव्हा अनेकांसाठी ‘ओत्रोस’, म्हणजे ‘इतर’, जोडून ‘वोसोत्रोस’ करावे लागले. आपणही ‘तुम्ही लोक’ म्हणतोच की! पुढे सतराव्या शतकात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनापासून झालेले ‘उस्तेद’ आणि त्याचे अनेकवचन ‘उस्तेदेस’ रूढ झाले. स्पॅनिशभाषी अमेरिकेत त्याने वोसोत्रोसला हुसकावले; तेथे आई लेकरांनाही उस्तेदेसच म्हणते. परंतु १४९२ मध्ये हद्दपार होऊन तुर्की सुलतानाच्या आश्रयास गेलेल्या स्पॅनिश ज्यूंच्या बोलीत उस्तेद नाही. जुने वोस आणि वोसोत्रोसच आहेत. राजाराणीने त्यांना देशाबाहेर घालविले, तेव्हा तो शब्द जन्मलाच नव्हता. हद्दपारीचा काळ असा त्यांच्या सर्वनामांतच कोरलेला राहिला.