डेव्हन माल्कम : एक शनिवार आणि चाळीस कसोट्या

मागच्या वेळी सभागृहातून बाहेर पडताना एका गृहस्थांनी मला थांबवलं. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. आणि पुढचं व्याख्यान एका गोलंदाजावर? तोही असा, की ज्याची सरासरी सदतीस आहे?" मी म्हटलं, सरासरी सदतीस आहे म्हणूनच. तेरा-चौदाच्या सरासरीवाल्यांवर बोलायला पुष्कळ लोक आहेत.

तर आजचा विषय, इंग्लंडचा द्रुतगती गोलंदाज डेव्हन माल्कम. १९८९ ते १९९७ या काळात ४० कसोट्या, १२८ बळी, सरासरी ३७.०९. ज्यांना क्रिकेटचं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बळीमागे पंचवीसच्या आसपास धावा देणारा तो उत्तम गोलंदाज, तीसपर्यंत चांगला, आणि पस्तिशीच्या पुढे गेला की निवड समिती खुर्चीत चुळबुळ करायला लागते. म्हणजे आकड्यांच्या वहीत माल्कम हा सामान्य गोलंदाज. आणि तरीही दक्षिण आफ्रिकेच्या त्या पिढीतल्या फलंदाजांना विचारा, हे नाव ते विसरलेले नसतील.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म १९६३ चा, जमैकातल्या किंगस्टनचा. किशोरवयात तो इंग्लंडला आला, शेफिल्ड शहरात राहिला. शेफिल्ड यॉर्कशरमध्ये येतं. पण यॉर्कशर काउंटीचा तेव्हा एक कडक दंडक होता : जो यॉर्कशरच्या हद्दीत जन्मला तोच आमच्याकडून खेळणार. किंगस्टनमध्ये जन्मलेल्या मुलाला ते दार बंद होतं. तो शेजारच्या डर्बिशरकडे गेला. हा दंडक पुढे सुटला, आणि १९९२ साली यॉर्कशरकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू कोण, तर आपला सचिन तेंडुलकर. आपल्याला त्या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. पण त्याच दाराबाहेर आधी कोण कोण उभं होतं, हेही इतिहास वाचताना बघावं लागतं.

आता त्याची गोलंदाजी. धिप्पाड शरीर, लांब रनअप, प्रचंड खांदा. दृष्टी अधू, सुरुवातीला तो जाड भिंगांचा चष्मा लावून खेळायचा. चेंडू सोडताना कधीकधी डोकं आणि शरीर एका बाजूला कलायचं. त्याने काय होतं बघा. चेंडू हातातून सुटतो तिथून फलंदाजापर्यंतचं अंतर साधारण अठरा मीटर धरा. हातातून सुटताना दिशा एका अंशाने, फक्त एका अंशाने चुकली, तर फलंदाजापाशी चेंडू जवळजवळ एक फूट बाजूला जातो. हे साधं भूमितीचं गणित आहे. ऑफ स्टंपवर जाणारा चेंडू लेग स्टंपच्या बाहेर जातो आणि फलंदाज तो अलगद सीमेपार ढकलतो. वेग जितका जास्त, तितकं शरीराला त्या एका अंशाचं भान राखणं कठीण. म्हणून माल्कम जेव्हा चुकायचा तेव्हा थोडा चुकत नसे, चौकाराइतका चुकायचा. आणि लय सापडली, की तोच वेग, तीच उसळी. फलंदाजाला विचार करायला वेळच उरत नसे.

त्याचं कसोटी पदार्पणही असंच. १९८९ चा ऑगस्ट, ट्रेंट ब्रिज. ऑस्ट्रेलियाच्या मार्क टेलर आणि जेफ मार्श या सलामीवीरांनी पहिला अख्खा दिवस खेळून काढला, एकही बळी न जाता ३०१. भागीदारी संपली ३२९ वर. माल्कमच्या नावावर एक बळी, १६६ धावा. दुसरा एखादा तिथेच संपला असता.

पण पुढच्याच वर्षी, १९९० साली, तो वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गेला. पहिली कसोटी किंगस्टनला, सबायना पार्कवर. म्हणजे जन्मगावी, पण पाहुण्यांच्या संघातून. तिथला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. गॉर्डन ग्रिनिजने चेंडू फाइन लेगला मारला. तिथे माल्कम. त्याच्या हातून चेंडू निसटला. हा गबाळा क्षेत्ररक्षक आहे असं म्हणून ग्रिनिज दुसऱ्या धावेला पळाला. माल्कमने चेंडू उचलला आणि असा भिरकावला की ग्रिनिज धावचीत! एकाच चेंडूवर चूकही त्याचीच आणि बळीही त्याच्यामुळेच. दुसऱ्या डावात त्याने चार बळी घेतले, त्यात व्हिव रिचर्ड्सचा त्रिफळा होता. इंग्लंडने नऊ गडी राखून सामना जिंकला; १९७४ नंतर वेस्ट इंडिजवरचा त्यांचा तो पहिला कसोटी विजय. पुढे पोर्ट ऑफ स्पेनला त्याने सामन्यात दहा बळी घेतले.

त्याच उन्हाळ्यात आपला संघ इंग्लंडमध्ये होता. लॉर्ड्सवर गूचचे ३३३, कपिलचे हेमिंग्जला सलग चार षटकार, आणि मग ओल्ड ट्रॅफर्डवर सतरा वर्षांच्या सचिनचं पहिलं कसोटी शतक. या सगळ्या आठवणींत समोरच्या बाजूने धावत येणारा एक गोलंदाज माल्कम होता. आपल्याला तो आठवत नाही, कारण आपण आपल्या माणसांकडे बघत होतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९९४. वर्णद्वेषाच्या धोरणामुळे क्रिकेटमधून बाहेर पडलेला दक्षिण आफ्रिकेचा संघ १९६५ नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये कसोट्या खेळायला आला होता. लॉर्ड्सवर त्यांनी इंग्लंडला ३५६ धावांनी हरवलं. दुसरी कसोटी अनिर्णित. तिसरी ओव्हलवर. माल्कमला त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला न्यूझीलंडविरुद्धच्या एका कसोटीनंतर वगळलं होतं. ओव्हलची खेळपट्टी कडक आणि उसळीची, म्हणून परत बोलावलं.

पहिल्या डावात त्याला ८१ धावांत एकच बळी मिळाला. म्हणजे नेहमीचा माल्कम. शनिवारी, २० ऑगस्टला, तो अकराव्या क्रमांकावर फलंदाजीला आला. फनी डिव्हिलियर्सचा चेंडू उसळला आणि थेट त्याच्या हेल्मेटवर, दोन्ही डोळ्यांच्या मध्ये आदळला. माल्कम सावरला, आणि क्षेत्ररक्षकांकडे बघून जे बोलला त्याचा मराठीत भावार्थ असा, "मंडळी, तुम्ही आता इतिहासजमा झालात." पुढे आत्मचरित्राला त्याने याच वाक्याचं शीर्षक दिलं.

मग तो गोलंदाजीला आला. गॅरी कर्स्टनचा झेल स्वतःच्याच गोलंदाजीवर घेतला. पीटर कर्स्टन झेलबाद. हॅन्सी क्रोनिएचा त्रिफळा. तीन बाद एक! डॅरिल कलिनन मात्र ९४ धावांची सुंदर खेळी खेळला, आणि तो एकटाच माल्कमच्या हाती लागला नाही, त्याला डॅरेन गॉफने बाद केलं. बाकीचे नऊच्या नऊ माल्कमचे. १६.३ षटकं, २ निर्धाव, ५७ धावा, ९ बळी. दक्षिण आफ्रिका १७५. इंग्लंडने आठ गडी राखून सामना जिंकला आणि मालिका बरोबरीत सुटली.

मी तेव्हा शिकवत होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात धावफलक वाचला आणि मला वाटलं छापण्यात चूक आहे.

आता मी एक गणित केलंय. कसोटी कारकीर्दीत माल्कमने ४७४८ धावा दिल्या. त्यातून ओव्हलचा तो डाव काढून टाका. ११९ बळी उरतात, सरासरी होते ३९.४. म्हणजे एका गोलंदाजाने एका दिवशी एक अख्खा संघ उद्ध्वस्त केला, आणि त्याच्या सरासरीत फरक पडला सव्वादोन धावांचा. सरासरी खोटं बोलत नाही. पण ती ज्या माणसाबद्दल बोलते तो माणूस मैदानावर कधी उतरलाच नव्हता. दर डावात 'सदतीसला एक' असा माल्कम कुणी पाहिलेला नाही. लोकांनी पाहिला तो एकशे सहासष्टला एकवाला, नाहीतर सत्तावन्नला नऊवाला.

इथे ॲरिस्टॉटल आडवा येतो. तो म्हणतो, गुण ही सवय असते. एकदा धैर्य दाखवलं म्हणून माणूस धैर्यवान ठरत नाही, ते पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात हे शिकवलं आणि आजही मला ते बहुतांशी पटतं. पण त्याच ॲरिस्टॉटलचा दुसरा विचार आहे, सुप्त सामर्थ्याचा आणि प्रकट कृतीचा. बीजात झाड असतं. पण माती, पाणी, ऊन मिळालं तर. मग एखाद्यात सातत्य नाही असं म्हणताना आपण बीजाबद्दल बोलतोय की मातीबद्दल, हे तपासायला नको का?

माती तपासू. त्या आठ वर्षांत माल्कम संघात किती वेळा आला आणि गेला ते बघा. १९९३ च्या ॲशेसमध्ये शेवटच्या कसोटीला, ओव्हललाच, बोलावलं. सहा बळी घेतले, इंग्लंडने सामना जिंकला. मग १९९४ ची कथा. त्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला गेला, तर पहिल्या कसोटीआधी कांजिण्या! हे नशीब. पुढे ॲडलेडला दुसऱ्या डावात ३९ धावांत ४ बळी घेऊन सामना जिंकायला मदत केली. १९९५ च्या उन्हाळ्यात एका क्रिकेट मासिकात लेख आला, की परदेशात जन्मलेले किंवा परक्या वंशाचे खेळाडू इंग्लंडसाठी खरंच मनापासून खेळतात का. माल्कम आणि फिलिप डिफ्रेटास यांनी कायदेशीर कारवाई केली आणि मासिकाला तडजोड करावी लागली. कपाळावर चेंडू झेलून नऊ बळी घेणाऱ्या माणसाला वर्षभरात आपली निष्ठा सिद्ध करायला वकील गाठावा लागला, मंडळी.

त्याच वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिकेचा दौरा. सोवेटोमध्ये राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला संघाला भेटायला आले. माल्कमशी हात मिळवताना ते म्हणाले, तुला मी ओळखतो, विध्वंस करणारा तो तूच. आणि स्वतःच्या संघात काय चाललं होतं? व्यवस्थापक रे इलिंगवर्थ आणि गोलंदाजीचे प्रशिक्षक पीटर लीव्हर यांना त्याची शैली मुळातून बदलायची होती. वाद वर्तमानपत्रांत गेला. पाचांपैकी दोन कसोट्या त्याला मिळाल्या. दुसरीत, जोहान्सबर्गला, त्याने सहा बळी घेतले. मग वगळला. शेवटची केपटाउनला. तिथे डेव्ह रिचर्डसन आणि पॉल ॲडम्स यांच्या शेवटच्या जोडीने ७३ धावा जोडल्या. नवा चेंडू माल्कमच्या हातात होता आणि तो भरकटला. इंग्लंड हरलं. त्यानंतर १९९६ मध्ये त्याला एकही कसोटी मिळाली नाही. १९९७ ला परत आला आणि शेवटची कसोटी खेळला, पुन्हा ओव्हललाच. काउंटी क्रिकेटमध्ये मात्र तो २००३ पर्यंत खेळला आणि प्रथम श्रेणीत हजाराहून जास्त बळी घेतले. सातत्य नसलेल्या माणसाचा हा आकडा!

तुम्ही म्हणाल, सर, केपटाउनला चुकला तो तोच ना? हो. तोच. त्याची जबाबदारी मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण मग अँगस फ्रेझरकडे बघा. त्याच काळातला, ४६ कसोट्या, १७७ बळी, सरासरी २७.३२. टप्पा आणि दिशा घड्याळासारखी. सातत्य हवं होतं ना? त्यालाही १९९४-९५ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या मूळ संघातून वगळलं होतं! म्हणजे बेभरवशाचा म्हणून एकाला काढायचं, आणि भरवशाच्यालाही घरी ठेवायचं. मग सातत्य नेमकं कुणात नव्हतं?

हे सगळं मला का बोचतं, ते सांगतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तासांना कधी यायचा, कधी नाही. चाचणीत कोरे कागद द्यायचा. एकदा मात्र त्याने कांटवर सहा पानांचं उत्तर लिहिलं, असं की मी ते दोनदा वाचलं आणि माझ्या टिपणात एक दुरुस्ती केली. पुढे तो शिफारसपत्र मागायला आला. मी लिहिलं, 'बुद्धिमान आहे, परंतु सातत्याचा अभाव.' मला ते प्रामाणिक वाटलं. त्याला प्रवेश मिळाला नाही. तो सकाळी कुठे कामाला जातो, का येत नाही, हे मी त्याला तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी सरासरी काढली होती. त्या सहा पानांबद्दल पत्रात एक ओळ लिहिता आली असती. ती मी लिहिली नाही.

(प्रश्न : मग सर, निवड समितीने काय करायला हवं होतं?)

चांगला प्रश्न आहे. प्रत्येक सामना खेळवा असं मी म्हणणार नाही. मऊ, संथ खेळपट्टीवर त्याला खेळवणं म्हणजे धावा वाटणं. पण कडक खेळपट्टी असेल तिथे, एका बाजूला फ्रेझर धावा रोखून धरतोय आणि दुसऱ्या बाजूने माल्कमला चार-पाच षटकांचे छोटे हप्ते, एवढं करता आलं असतं. शैली बदलायच्या भानगडीत पडायचं नाही. आणि आधी सांगून ठेवायचं, की आज शंभर धावा दिल्यास तरी पुढच्या ओव्हलला तू असणार आहेस. याने त्याची सरासरी पस्तीस झाली असती की चाळीस, ते कुणी सांगू शकत नाही. पण आपण सामर्थ्य तपासून पाहिलं, असं तरी म्हणता आलं असतं.

वेळ संपली आहे. पुढच्या वेळी फ्रेझरबद्दल बोलू, कारण भरवशाच्या माणसावर अन्याय होतो तेव्हा तर कुणाच्या लक्षातही येत नाही.