गाव लहान, ढाल मोलाची
जर्मनीतील छोट्या गावांची मानचिन्हे आणि ध्वज

बव्हेरियातील गुंड्रेमिंगेन या गावी २५ ऑक्टोबर २०२५ रोजी अणुवीज प्रकल्पाचे १६० मीटर उंचीचे दोन शीतकरण मनोरे सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. तेथील शेवटची अणुभट्टी २०२१च्या अखेरीसच बंद झाली होती. जेमतेम दीड हजार वस्तीच्या या गावाची ओळख बनलेले मनोरे काही क्षणांत क्षितिजावरून नाहीसे झाले. गावच्या मानचिन्हात मात्र अणूची आकृती आहे. एकेकाळी समृद्धीची खूण म्हणून स्वीकारलेले हे चिन्ह आता इतिहासाची खूण होऊन राहिले आहे.

जर्मनीत आजमितीस सुमारे १० हजार ७०० ‘गेमाइंडे’ म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था आहेत. त्यांत महानगरांपासून काही डझन रहिवाशांच्या वस्त्यांपर्यंत सर्वांचा समावेश होतो. यांतील बहुतेकांचे स्वतःचे मानचिन्ह असते आणि अनेकांचा स्वतंत्र ध्वजही असतो. पंचायतीचे कार्यालय, वेशीवरची पाटी, अग्निशमन दलाची गाडी आणि सरकारी पत्रव्यवहार अशा सर्व ठिकाणी ही रंगीत ढाल दिसते. वरवर पाहता ती केवळ सजावट वाटते. पण आपल्या गावाचे काय लक्षात राहावे आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न या प्रत्येक ढालीमागे उभा असतो.

रणांगणातून पंचायतीत

जर्मन भाषेत मानचिन्हाला ‘वापेन’ म्हणतात. शस्त्र या अर्थाचा ‘वाफे’ हा शब्द त्याच्याच कुळातला. बाराव्या शतकात युरोपातील सरदार शिरस्त्राणाने चेहरा झाकून लढत. आपला कोण आणि परका कोण हे दुरून ओळखता यावे म्हणून ढालीवर ठसठशीत आकृती रंगवण्याची पद्धत पडली. पुढे ही चिन्हे वंशपरंपरागत झाली. व्यापारामुळे बलवान झालेल्या शहरांनी आपल्या मुद्रांवर ती कोरली.

खेड्यांना हा मान बराच उशिरा मिळाला. बहुसंख्य लहान गावांची मानचिन्हे विसाव्या शतकातील आहेत, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. त्यांच्या घडणीत ऑटो हुप (१८५९-१९४९) या बव्हेरियात काम केलेल्या चित्रकाराचा वाटा मोठा आहे. कॅफे हाग या ब्रेमेनच्या कॉफी कंपनीने त्याने काढलेली गावोगावची चिन्हे छोट्या चित्रांच्या रूपात ग्राहकांना वाटली. ती वहीत चिकटवून संग्रह करण्याचा छंद घरोघरी पोहोचला.

पूर्व जर्मनीत साम्यवादी राजवटीच्या काळात हा विषय मागे पडला होता. १९९०च्या एकीकरणानंतर मात्र तेथील शेकडो गावांनी नवी चिन्हे तयार करून घेतली किंवा जुनी पुन्हा स्वीकारली.

रंगांचे व्याकरण

मानचिन्हाच्या शास्त्रात रंगांचे दोन गट मानले जातात. सोने आणि चांदी हे ‘धातू’. लाल, निळा, हिरवा आणि काळा हे ‘रंग’. छपाईत आणि कापडावर सोन्याऐवजी पिवळा व चांदीऐवजी पांढरा वापरला जातो. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको, हा मूळ नियम. पिवळ्यावर पांढरे किंवा निळ्यावर काळे दुरून दिसत नाही, इतके साधे कारण त्यामागे आहे.

काळ्या-पांढऱ्या छपाईसाठीही सोय आहे. उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा आणि ठिपके म्हणजे सोने. पेत्रा सांक्ता या जेझुइट धर्मगुरूने १६३८ मध्ये आपल्या ग्रंथात वापरलेली ही पद्धत आजही प्रचलित आहे. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्दही ढालीमागे उभ्या असलेल्या योद्ध्याच्या बाजूने योजले जातात. त्यामुळे पाहणाऱ्याला जे डावीकडे दिसते, ते शास्त्रानुसार उजवे असते.

महत्त्वाची बाब अशी, की अधिकृत मान्यतेत शब्दांत केलेल्या वर्णनाला मोठे महत्त्व असते. वर्णन कायम ठेवून वेगवेगळे चित्रकार तेच चिन्ह आपापल्या शैलीत काढू शकतात.

बोलकी चिन्हे

गावाच्या नावाचा अर्थ थेट चित्रात उतरवणाऱ्या चिन्हांना ‘बोलकी मानचिन्हे’ म्हणतात. एबर्सबर्ग या नावात ‘एबर’ म्हणजे रानडुक्कर आणि ‘बर्ग’ म्हणजे डोंगर. तेथील ढालीवर डोंगरावर चढणारा रानडुक्कर आहे. डिंकेल्सब्यूलच्या ढालीवर तीन टेकड्यांवर डिंकेल या गव्हाच्या जातीच्या तीन लोंब्या डोलतात. ‘फ्यूस’ म्हणजे पाय, म्हणून फ्यूसेनच्या चिन्हात चक्राकार जोडलेले तीन पाय आढळतात.

मात्र नावावरून नेहमीच अंदाज बांधता येत नाही. माइन नदीकाठच्या ओक्सेनफुर्टच्या, म्हणजे ‘बैलांच्या उतारा’च्या, ढालीवर अपेक्षेप्रमाणे बैल आहे. त्याच नदीवरील श्वाइनफुर्टच्या नावात डुक्कर असले, तरी ढालीवर मात्र रुबाबदार गरुड आहे. कारण ते पूर्वी थेट सम्राटाच्या अधिपत्याखालील मुक्त नगर होते आणि गरुड ही साम्राज्याची खूण होती.

जुन्या सत्तांचा नकाशा

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जर्मनी शेकडो संस्थानांत, धर्मपीठांत आणि मुक्त नगरांत विभागलेली होती. तो विस्मृतीत गेलेला नकाशा गावांच्या ढालींवर अजूनही वाचता येतो. सहा आऱ्यांचे चाक दिसले, की ते गाव बहुधा माइंझच्या आर्चबिशपच्या ताब्यात होते असे समजावे. दहाव्या शतकातील आर्चबिशप विलिगिस हा चाके बनवणाऱ्याचा मुलगा होता आणि त्यावरून हे चिन्ह आले, अशी दंतकथा सांगितली जाते. निळे-पांढरे चौकट बव्हेरियाच्या विटेल्सबाख घराण्याची, तर वक्राकार धर्मदंड मठाच्या जमीनदारीची आठवण देतो.

म्युनिक परिसरातील इस्मानिंग, उंटरफ्योरिंग किंवा आल्प्सच्या पायथ्याचे गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील चिन्हांत मुकुटधारी कृष्णवर्णीय मस्तक आहे. ती फ्रायझिंगच्या बिशपांची खूण. तेथील आर्चबिशपपद भूषवलेले पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००५ मध्ये आपल्या पोपपदाच्या मानचिन्हातही ती घेतली होती. अशी चिन्हे आजच्या काळात वर्णभेदी ठरतात का, असा वाद अलीकडे उपस्थित झाला आहे. समर्थक त्यांना परंपरेचा सन्मान मानतात, तर विरोधकांचा आक्षेप चित्रणाच्या साचेबद्धपणाला आहे.

ध्वजाची रीत

गावाचा ध्वज सहसा मानचिन्हातूनच जन्म घेतो. आकृतीचा रंग आधी आणि पार्श्वभूमीचा रंग नंतर, असा सर्वसाधारण प्रघात आहे. लाल ढालीवर चांदीची किल्ली असेल, तर वरचा पट्टा पांढरा आणि खालचा लाल होतो. अनेक गावे पट्ट्यांवर संपूर्ण ढालही काढतात.

जर्मन गावांत आडव्या ध्वजाइतकाच उभा, लांबट ध्वज सर्रास दिसतो. तो आडव्या दांडीवरून खाली सोडला जातो किंवा लांब बाजूने काठीला बांधला जातो. वारा नसतानाही त्यावरील ढाल स्पष्ट दिसते, हा त्याचा फायदा.

मानचिन्ह हवे म्हणून कोणतेही गाव मनाला येईल ते चित्र स्वीकारू शकत नाही. पंचायतीचा ठराव, जाणकाराचा आराखडा, राज्य अभिलेखागाराचा अभिप्राय आणि वरिष्ठ प्रशासनाची मंजुरी असा हा सर्वसाधारण मार्ग असतो. तपशील राज्यागणिक बदलतात. श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात मंजूर चिन्हांची नोंदवही राज्य अभिलेखागाराकडे असते. परवानगीवाचून दुसऱ्याने चिन्ह वापरल्यास नागरी संहितेतील नाव-हक्काच्या कलमाचा आधार घेऊन गावाला न्यायालयात दाद मागता येते.

राजसत्तेची नजर

चिन्ह लोकांच्या मनात किती खोलवर रुजलेले असते, हे नाझी राजवटीनेही ओळखले होते. कोबुर्ग शहराच्या ढालीवर संत मॉरिस या कृष्णवर्णीय संताचे मस्तक होते. १९३४ मध्ये ते काढून तेथे मुठीवर स्वस्तिक असलेली तलवार बसवण्यात आली. १९४५ मध्ये राजवट कोसळताच जुने मस्तक परत आले. त्याच मस्तकावर २०२० मध्ये वर्णभेदाच्या प्रश्नावरून पुन्हा चर्चा झडली. एकाच चिन्हाला वेगवेगळ्या पिढ्या किती वेगळे अर्थ देतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

गाव गेले, खूण राहिली

लहान गावांच्या मानचिन्हांवर सर्वांत मोठे संकट आले ते प्रशासकीय फेररचनेच्या रूपाने. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम जर्मनीत २४ हजारांवर स्थानिक संस्था होत्या. १९७८ पर्यंत त्या सुमारे साडेआठ हजारांवर आल्या. खर्चात बचत आणि कार्यक्षम कारभार हा त्यामागचा हेतू होता. संस्थाच उरली नाही, की तिच्या चिन्हाचा अधिकृत वापरही संपतो. नव्या संयुक्त पंचायतीच्या ढालीत जुन्या गावाचा एखादा तारा, एखादे गिरणीचे चाक तेवढे उरते.

हा बदल सर्वांनी निमूटपणे स्वीकारला नाही. बव्हेरियातील एर्मर्सहाउझेन या काहीशे वस्तीच्या गावाने शेजारच्या मारोल्ड्सवाइझाखमधील विलीनीकरणास कडवा विरोध केला. मे १९७८ मध्ये तेथील पंचायत कार्यालय ताब्यात घेण्यासाठी शेकडो पोलीस पाठवावे लागले. गावकरी मात्र मागे हटले नाहीत आणि १९९४ मध्ये गावाला स्वतंत्र अस्तित्व परत मिळाले. मानचिन्ह आणि ध्वज बाळगण्याचा हक्क हा याच अस्तित्वाचा भाग असतो. त्यामुळे या ढाली म्हणजे केवळ हौस, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

विलीन झालेल्या अनेक गावांत जुने चिन्ह आजही स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या निशाणावर किंवा वसंतोत्सवाच्या खांबावर दिसते. म्युनिकजवळच्या गार्शिंगने आपल्या ढालीवर अणुभट्टीचा अंडाकृती घुमट मिरवला. १९५७ मध्ये सुरू झालेली ती भट्टी २००० मध्ये बंद पडली. पण घुमट संरक्षित वास्तू म्हणून उभा आहे आणि ढालीवरही कायम आहे. गुंड्रेमिंगेनचे मनोरे तेवढे भाग्यवान ठरले नाहीत. तेथे पुढच्या पिढ्यांना अणूची ही आकृती कशाची, असा प्रश्न पडेल, तेव्हा त्याचे उत्तर गावातल्या जाणत्यांनाच द्यावे लागेल.