‘श्रेणी’ शब्दाची कुळकथा



‘श्रेणी’ हा शब्द आपल्या घरांत नित्याचा आहे. मुलाच्या प्रगतिपुस्तकांत श्रेणी असते, नोकरदाराची वेतनश्रेणी असते, क्रिकेटचे कांहीं सामने प्रथम श्रेणीचे असतात. भूगोलांत डोंगरांची रांग ती पर्वतश्रेणी. गणितांतील श्रेढी, जिच्यासाठीं भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’त स्वतंत्र प्रकरण घातलें, ती तर हिची सख्खी बहीण शोभावी. शिखरामागून शिखर, संख्येमागून संख्या. ओळ हा अर्थ या सर्वांच्या मुळाशीं आहे. परंतु या शब्दास आणखी एक अर्थ होता आणि तो आज व्यवहारांतून पार लुप्त झाला आहे. तो पाहावयाचा तर नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगर चढून पांडवलेण्यांत गेलें पाहिजे.

तेथील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यावर ४२ वें वर्ष कोरलेलें आहे. म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींची ही गोष्ट. उषवदातानें हें लेणें भिक्षुसंघास अर्पण केलें आणि सोबत ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधींहि न मोडावयाची ठेव, करून दिली. ही ठेव त्यानें सासऱ्याच्या खजिन्यांत ठेवली नाहीं. ती ठेवली गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे. गोवर्धन हें नाशिकजवळचें गांव आजहि त्याच नांवानें नांदत आहे.

एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें, दुसरीकडे १,००० दरमहा शेंकडा पाऊण व्याजानें. शिक्षकाची जुनी खोड म्हणून मीं हें गणित सोडवून पाहिलें. पहिल्या रकमेचें व्याज महिन्यास २०, म्हणजे वर्षास २४० कार्षापण होतें. लेखांत म्हटलें आहे कीं, या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंपैकीं प्रत्येकास वस्त्रासाठीं १२ कार्षापण द्यावे. विसांस बारांनीं गुणावें, बरोबर २४० येतात. शिल्लक नाहीं कीं तूट नाहीं! दुसऱ्या रकमेचे वर्षास ९० कार्षापण भिक्षूंच्या इतर खर्चासाठीं. हा सारा व्यवहार निगमसभेंत जाहीर करून फलकावर नोंदविल्याचाहि उल्लेख आहे.

या श्रेणी म्हणजे एकाच धंद्यांतील लोकांनीं बांधलेले संघ. त्यांचे स्वतःचे नियम असत, आणि राजानें न्याय करतांना ते ध्यानांत घ्यावे असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. हा मान केवळ कोष्ट्यांचा नव्हता. पुढें तिसऱ्या शतकांत, आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीं, विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं याच लेण्यांत ठेवीचा लेख कोरविला. ती ठेव ज्या श्रेणींकडे होती त्यांत तेल्यांची श्रेणीहि होती. नाशिकबाहेर पाहिलें तर लाट देशांतून मंदसोरास जाऊन वसलेल्या रेशीमविणकरांच्या श्रेणीनें इ. स. ४३६ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधलें.

राजाच्या जांवयानें कोष्ट्यांवर एवढा भरंवसा कां ठेवावा? माझ्या मतें याचें उत्तर जोगळटेंभी देते. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील या गांवीं तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं नहपानाचीं, परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता! राज्य असें हातोहात पालटतें. कापड मात्र नव्या राजाच्या प्रजेलाहि लागतेंच, आणि माग चालत राहतो. कायमची ठेव ठेवणाऱ्यानें ती जेथें कायमपणा दिसला तेथें ठेवली.

व्याकरणकार ‘श्रेणी’ हा शब्द ‘श्रि’, म्हणजे आश्रय घेणें, या धातूपासून साधतात. एकमेकांच्या आश्रयानें उभी राहिली ती श्रेणी. अर्थात् त्या व्यवस्थेचे गोडवेच गावे असें नव्हे. धंदा जन्मावर ठरूं लागला कीं संघाची जात होते, हेंहि आपल्या इतिहासानें दाखविलें आहे. तथापि ओळींत दोन प्रकारें उभें राहतां येतें : खांद्यास खांदा लावून, किंवा एकाच्या मागें एक. शब्दाचा पहिला अर्थ आपण हरवला आणि दुसरा तेवढा जपला. आज श्रेणी म्हटलें कीं वरचा कोण आणि खालचा कोण एवढेंच आपल्या मनांत येतें.

मुलास कोणती श्रेणी मिळाली, हें आपण दर वर्षीं विचारतों. विचारावें; मीहि आयुष्यभर त्या श्रेणी देतच आलों. परंतु त्याच्यावर चार माणसें विसंबूं शकतील काय, हेंहि एकदां विचारावें. गोवर्धनच्या कोष्ट्यांना कोणी श्रेणी दिली नव्हती; दोन हजार कार्षापण निर्धास्तपणें त्यांच्या हातीं देतां आले, हीच त्यांची श्रेणी होती.