लिदित्से : ३० यहूद्यांनी खणलेली कबर



गेल्या योम हाशोआच्या संध्याकाळी नातवाने मला विचारले, "आजी, हायड्रिखला मारले नसते, तर लिदित्सेची माणसे वाचली असती ना?" मी जन्मभर परिचारिका. रुग्णाच्या तक्त्यावर आधी वेळ नोंदवावी, मग कारण शोधावे, ही आमची शिस्त. म्हणून मी त्याच्यापुढे तारखा मांडल्या.

२० जानेवारी १९४२. बर्लिनमधील वान्झे येथे युरोपातील यहूद्यांच्या संहाराची योजना ठरली. त्या बैठकीचा अध्यक्ष राइनहार्ड हायड्रिख. प्रागमध्ये हिटलरच्या वतीने सत्ता चालवणाराही तोच. तेरेझीनच्या घेट्टोत यहूद्यांना कोंडण्यास तोवर सुरुवात झाली होती.

२७ मे. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या गाबचिक व कुबिश या दोन तरुणांनी प्रागमध्ये त्याची मोटार अडवली. गाबचिकची बंदूक चाललीच नाही. कुबिशने बॉम्ब फेकला. जखम विषारली आणि ४ जूनला हायड्रिख रुग्णालयात मरण पावला.

१० जून. लिदित्से हे छोटेसे गाव. हल्ल्याशी त्याचा संबंध नव्हता. केवळ संशयावरून ते निवडले गेले. १७३ पुरुषांना एका शेतघराच्या भिंतीपाशी गोळ्या घातल्या. स्त्रियांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडले. ८२ मुलांना पुढे खेल्मनो येथे विषारी वायूने मारले. घरे जाळली, दफनभूमीही उद्ध्वस्त केली.

मग तेरेझीनहून ३० यहूदी कैदी आणले आणि त्यांच्याकडून त्या पुरुषांची कबर खणून घेतली. ज्यांच्या स्वतःच्या मृत्यूचा निर्णय झालेला होता, त्यांनीच परक्यांना माती दिली. मृताची सेवा हे खरे हेसेद, कारण मृत परतफेड करू शकत नाही, असे आपण मानतो. ती सेवा त्यांच्याकडून बंदुकीच्या धाकाने करवून घेतली गेली. तरी हात त्यांचेच होते.

नातवाला मी म्हटले, "बाळा, त्या रात्री लिदित्से कदाचित वाचलेही असते. पण दुखणे २७ मेला सुरू झाले नव्हते. ते आधीपासूनच अंगात भिनलेले होते. हत्या हे निमित्त. निरपराधांच्या रक्ताचा दोष हुकूम देणाऱ्याचा आणि तो पाळणाऱ्याचा."

यंदा हश्काबा म्हणताना आपल्या लोकांबरोबर लिदित्सेच्या त्या १७३ जणांनाही स्मरावे, एवढीच माझी विनंती.