इन्फ्ल्यूएंझा : प्रतिकारक्षमतेचा प्रतिसाद
इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरपेशींत शिरला की त्या पेशी इंटरफेरॉन स्रवून शेजारच्या पेशींना सावध करतात. ताप, अंगदुखी, गळून जाणे ही लक्षणे बव्हंशी या प्रतिकाराचीच. साधारण आठवड्याभरात मारक टी-पेशी बाधित पेशी नष्ट करू लागतात. बी-पेशींनी तयार केलेली प्रतिपिंडे विषाणूच्या हिमॅग्लुटिनिन या पृष्ठप्रथिनाला चिकटून त्याचा पेशीप्रवेश रोखतात. ताप उतरला तरी अस्तर भरून यायला वेळ लागतो. खोकला व थकवा दोन आठवडे, कधी अधिकही, रेंगाळतो. प्रतिकारस्मृती मात्र विलक्षण चिवट : १९१८ ची साथ बालपणी अनुभवलेल्या वृद्धांच्या रक्तात सुमारे ९० वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या बी-पेशी आढळल्या (२००८). तरीही फ्लू पुनःपुन्हा होतो, कारण हिमॅग्लुटिनिनची रचना सतत बदलते आणि जुनी प्रतिपिंडे त्याला नीट चिकटत नाहीत.