डॉकबुकची स्टाइलशीट अहिराणीसाठी कशी बदलायची?

समजा, साक्रीच्या शेतकऱ्यांसाठी तुम्ही ठिबक सिंचनाची पुस्तिका अहिराणीत लिहिली आणि ती डॉकबुक या एक्सएमएल पद्धतीत ठेवली. मजकूर सगळा अहिराणी. पण पान तयार झाल्यावर वर ‘टेबल ऑफ कंटेंट्स’, प्रकरणावर ‘चॅप्टर’ आणि सूचनेवर ‘नोट’! हे इंग्रजी आलं कुठून?

तुमच्या फाइलमध्ये हे शब्द नसतातच. तिथे ‘हे प्रकरण’, ‘ही सूचना’ एवढ्या खुणा असतात. त्यांचं वेबपान किंवा पीडीएफ करते ती एक्सएसएल स्टाइलशीट, आणि असे ठरावीक शब्दही तीच घालते. त्यासाठी तिच्याकडे भाषावार शब्दांच्या फाइली आहेत. मराठीची आहे. अहिराणीला ‘एएचआर’ हा स्वतःचा आंतरराष्ट्रीय भाषा-संकेत असला तरी तिची फाइल नाही, म्हणून गाडी इंग्रजीवर जाते. २०११च्या जनगणनेत खान्देशी बोलणारे १८ लाखांहून अधिक होते, हे इथे आठवतंच.

मग मूळ स्टाइलशीट उघडून शब्द बदलावेत का? अजिबात नको. नवी आवृत्ती टाकली की केलेलं सगळं पुसलं जातं. त्याऐवजी स्वतःची छोटी फाइल करा. तिच्यात सर्वांत आधी मूळ स्टाइलशीट ‘इम्पोर्ट’ करा आणि त्याखाली फक्त आपले बदल लिहा. एकाच गोष्टीचे दोन नियम असले, तर आयात करणाऱ्या फाइलचा नियम चालतो.

पहिला बदल भाषेचा: ‘एल१०एन.जेनटेक्स्ट.लँग्वेज’ या पॅरामीटरला मराठीचा ‘एमआर’ संकेत द्या. आता निदान मराठी शब्द येतील. मग ‘लोकल.एल१०एन.एक्सएमएल’ या पॅरामीटरमधून त्यातले हवे ते शब्द आपल्या बोलीत बदला. कोणता शब्द घ्यायचा हे मात्र गावातल्या चार जणांना विचारूनच ठरवा. धुळ्याची आणि चाळीसगावची अहिराणी हुबेहूब एक नाही.

वेबपान आणि पीडीएफ यांच्या मूळ स्टाइलशीट वेगळ्या असतात, त्यामुळे आपल्याही दोन फाइली लागतात. शब्द तिसऱ्या फाइलमध्ये ठेवून दोन्हींत ‘इन्क्लूड’ केले, की दुरुस्ती एकदाच करावी लागते.

पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी नुसते ‘#’ दिसले तर घाबरू नका, तो फॉन्टचा दोष. एफओपी या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये देवनागरी फॉन्ट नोंदवा आणि ‘बॉडी.फॉन्ट.फॅमिली’त त्याचं नाव द्या. ‘टायटल.फॉन्ट.फॅमिली’ विसरू नका, नाहीतर मजकूर नीट येतो आणि मथळे तसेच राहतात. जोडाक्षरं तुटत असतील तर एफओपी १.१ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या.