गेम बॉयचे रद्द झालेले खेळ

निन्टेंडो या जपानी कंपनीच्या गेम बॉय या हातात धरून खेळावयाच्या संचासाठी निर्मितीस घेतलेले, परंतु त्या वेळी विक्रीस न आलेले व्हिडिओ खेळ. यांपैकी काही खेळ केवळ कागदावर राहिले, काहींचे काम अर्ध्यावर थांबले, तर काही जवळजवळ पूर्ण होऊनही दुकानात पोहोचले नाहीत. रद्द झालेला खेळ म्हणजे फसलेला खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तितकीशी बरोबर नाही. या संचाच्या बाबतीत खेळ रद्द होण्याची कारणे पुष्कळदा खेळाच्या गुणवत्तेत नसून कार्ट्रिजच्या अर्थकारणात व यंत्राच्या अल्प आयुष्यात आढळतात.

मूळ गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. गुन्पेई योकोई यांच्या विभागात तयार झालेल्या या संचाला १६० × १४४ बिंदूंचा, चार छटा दाखविणारा पडदा होता. प्रतिस्पर्धी संचांच्या मानाने तो साधा होता; पण विजेरी दीर्घकाळ टिकत असे व किंमत आटोक्यात होती. त्याची रंगीत आवृत्ती गेम बॉय कलर ही ऑक्टोबर १९९८ मध्ये आली. तिचा पडदा तेवढ्याच बिंदूंचा असून ३२,७६८ रंगांपैकी एका वेळी ५६ रंग तीवर दाखविता येत; सूक्ष्मप्रक्रियकाचा वेग दुप्पट करण्याची सोयही तीत होती. दोन्ही मिळून सु. ११ कोटी ८६ लाख संच विकले गेले. मार्च २००१ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स हा अधिक सामर्थ्यवान संच आला आणि रंगीत गेम बॉयचा भर अवघ्या अडीच वर्षांत ओसरू लागला. एक खेळ तयार करण्यास एक ते दोन वर्षे सहज लागत, हे लक्षात घेता या अडीच वर्षांचे महत्त्व ध्यानात येते.

गेम बॉयचा खेळ कार्ट्रिजमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या लहान डबीतील स्मृतिचकतीवर, साठविलेला असे. संच सुरू होताच कार्ट्रिजमधील निन्टेंडोचे नाममुद्राचित्र संचातील मूळ प्रतीशी ताडून पाहिले जाई. ते न जुळल्यास खेळ चालत नसे. त्यामुळे परवान्यावाचून खेळ विकणे प्रकाशकांना अवघड होते. परवानाधारक प्रकाशकाला कार्ट्रिजची मागणी निन्टेंडोकडेच नोंदवावी लागे. एकदा तयार झालेल्या चकतीवर फेरफार करता येत नसे. तबकडीवर छापलेल्या खेळाची प्रत अल्प खर्चात निघते व गरजेप्रमाणे पुन्हा काढता येते. कार्ट्रिजच्या बाबतीत मात्र एकही प्रत खपण्यापूर्वी हजारो प्रतींचा खर्च प्रकाशकाच्या अंगावर पडे. साहजिकच, खेळ तयार करण्याचा खर्च होऊन गेल्यावरही तो विक्रीस आणण्यापेक्षा सोडून देणे प्रकाशकाला परवडे. पुस्तकाच्या व्यवहारात हस्तलिखित पूर्ण असूनही छपाईचा कागद न मिळाल्याने ते पडून राहावे, तसा हा प्रकार होता.

रेसिडेंट ईव्हिल या खेळाचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. कॅपकॉम कंपनीचा हा भयकथात्मक खेळ १९९६ मध्ये प्लेस्टेशन या घरगुती संचासाठी निघाला. त्यातील ओसाड वाड्याची दृश्ये आधीच संगणकावर रंगवून तयार केलेली स्थिर चित्रे होती व त्यांवर त्रिमितीय पात्रे वावरत. प्रत्येक खोली निरनिराळ्या कोनांतून दिसत असल्याने चित्रांची संख्या मोठी होती, तबकडीवर सु. ६५० मेगाबाइट जागा असल्याने ती सामावली. हाच खेळ गेम बॉय कलरवर आणण्याचे काम हॉटजेन या ब्रिटिश संस्थेने हाती घेतले. या संचाच्या कार्ट्रिजमध्ये जास्तीत जास्त ८ मेगाबाइट माहिती मावू शके. पडद्यावरील पार्श्वभूमी ८ × ८ बिंदूंच्या ३६० चौकटींनी बनत असे व एका चौकटीत चारांहून अधिक रंग वापरता येत नसत. असे असूनही हॉटजेनने वाड्यातील खोल्या व त्यांचे तिरके कोन कायम ठेवले. पात्र दूर जाऊ लागले की त्याची आकृती लहान होई व जवळ येताच मोठी होई. आकृती लहानमोठी करण्याची यांत्रिक सोय या संचात मुळीच नसल्याने हे सारे काम आज्ञावलीकडून करून घ्यावे लागे. इतक्या लहान यंत्राकडून एवढी अपेक्षा करणे धाडसाचेच होते.

१९९९ मध्ये जाहीर झालेला हा खेळ २००० मध्ये रद्द करण्यात आला. ग्राहकांचे आणि कंपनीचेही समाधान होईल अशी खात्री या खेळाविषयी वाटत नाही, अशा आशयाचे स्पष्टीकरण कॅपकॉमने दिले. येथे गुणवत्तेचा प्रश्न खरोखरच होता, हे मान्य करावयास हवे. त्या पडद्यावर पात्र व पार्श्वभूमी एकमेकांत मिसळून जात. मात्र अशी दृश्ये त्या यंत्रावर सर्वथा अशक्य होती, असे म्हणता येत नाही. कारण अलोन इन द डार्क : द न्यू नाइटमेअर हा तशाच धर्तीचा खेळ त्याच संचासाठी २००१ मध्ये निघाला. रेसिडेंट ईव्हिल गेडन हा निराळा, बहुतांशी वरून दिसणाऱ्या दृश्यांचा खेळही २००१ च्या अखेरीस विक्रीस आला. परंतु तोपर्यंत गेम बॉय ॲडव्हान्स बाजारात रुळला होता.

द लेजेंड ऑफ झेल्डा या मालिकेतील एक प्रकरण याहून वेगळे आहे. फ्लॅगशिप या कॅपकॉमच्या अंगीकृत संस्थेचे योशिकी ओकामोतो यांनी निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतो यांच्यापुढे गेम बॉय कलरसाठी झेल्डा खेळ करण्याचा प्रस्ताव मांडला. आरंभी १९८६ च्या मूळ खेळाची नवी आवृत्ती काढून पुढे आणखी खेळ रचावयाचे होते. पण मूळ खेळातील खोली दूरचित्रवाणीच्या पडद्याच्या मापाची असल्याने ती या अरुंद पडद्यावर एका दृष्टिक्षेपात मावेना. ही योजना बदलून शक्ती, ज्ञान व धैर्य या तीन गुणांवर आधारलेले तीन खेळ करण्याचे ठरले. ते कोणत्याही क्रमाने खेळता यावेत व एका खेळातील घटनांचा परिणाम संकेतशब्दांच्या द्वारे दुसऱ्यात उतरावा, अशी कल्पना होती. दोन खेळांचे असे संबंध दोनच क्रमांनी जुळवावे लागतात. तीन खेळांचे सहा क्रम होतात. एका खेळात केलेला बदल उरलेल्या दोहोंत तपासून पाहण्याचे काम आवाक्याबाहेर जाऊ लागल्याने तिसरा खेळ वगळण्यात आला. ऑरॅकल ऑफ सीझन्स आणि ऑरॅकल ऑफ एजेस हे दोन खेळ हिदेमारो फुजिबायाशी यांच्या दिग्दर्शनाखाली २७ फेब्रुवारी २००१ रोजी जपानमध्ये प्रकाशित झाले. सोडून दिलेल्या कामाच्या खुणा त्यांत दिसतात. पहिल्यातील अनेक राक्षस १९८६ च्या खेळातूनच आलेले आहेत. दिन व नायरू यांना एकेक खेळ मिळाला, तर फारोरे हे तिसरे पात्र संकेतशब्द राखणारी म्हणून मागे राहिले.

मालकी हक्कांतील बदल हेही एक कारण होय. रेअर या ब्रिटिश संस्थेने गेम बॉय ॲडव्हान्ससाठी डिडी काँग पायलट हा विमानशर्यतीचा खेळ २००१ मध्ये प्रदर्शनात मांडला होता. सप्टेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर विकत घेतली. डिडी काँग हे पात्र मात्र निन्टेंडोचेच राहिले. परिणामी पात्रे बदलून तो २००५ मध्ये बँजो पायलट या नावाने निघाला. ज्युपिटर या जपानी संस्थेचा पोकेमॉन पिक्रॉस हा अंकांवरून चित्र शोधण्याचा खेळ १९९९ मध्ये जाहीर होऊनही आला नाही. २०१५ मध्ये याच नावाने निघालेला खेळ निराळा आहे.

रद्द झालेल्या खेळाचे पुढे काय होते, हा प्रश्न गंभीर आहे. असा खेळ ग्रंथालयात जात नाही आणि ग्राहकांकडेही त्याची प्रत नसते. परीक्षणासाठी वा प्रदर्शनासाठी काढलेले मोजके नमुने एवढाच त्याचा अवशेष असतो. हे नमुने बहुधा पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या चकत्यांवर असत. अशा एका प्रकारच्या चकतीवर काचेची लहान खिडकी असते व तीतून अतिनील किरण सोडले की मजकूर पुसला जातो. म्हणून खिडकीवर कागदी पट्टी चिकटविलेली असते. एका खेळाचे काम संपले की चकती पुसून दुसऱ्यासाठी वापरणे, ही कार्यालयातील काटकसर होती. तीत कित्येक खेळ नाहीसे झाले असावेत. जे नमुने उरले, त्यांतील विद्युत् भारही काळाबरोबर क्षीण होत जातो.

त्यामुळे आज उपलब्ध असलेल्या प्रती योगायोगाने किंवा आडमार्गाने आलेल्या आहेत. रेसिडेंट ईव्हिलचा नमुना बाळगणाऱ्या एका अनामिकाने २०१२ मध्ये २,००० डॉलरची मागणी केली. चाहत्यांनी ती रक्कम जमविल्यावर अपूर्ण प्रत सर्वांना खुली झाली. पोकेमॉन पिक्रॉसची प्रत २०२० मध्ये निन्टेंडोच्या अंतर्गत साठ्यातून बेकायदेशीरपणे बाहेर पडली. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने हे व्यवहार समर्थनीय नाहीत. तथापि ते घडले नसते तर अभ्यासकांना या खेळांविषयी बातम्या व छायाचित्रे यांपलीकडे फारसे काही मिळाले नसते. प्रकाशित खेळांची स्थितीही समाधानकारक नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या २०२३ मधील पाहणीनुसार गेम बॉय मालिकेच्या प्रकाशित खेळांपैकी सहा टक्क्यांहूनही कमी खेळ त्या वेळी अमेरिकेत विक्रीस उपलब्ध होते.

काही खेळ निर्मात्यांच्याच चिकाटीमुळे वाचले. ॲफिनिक्स सॉफ्टवेअर या छोट्या गटाने १९९९ मध्ये गेम बॉय कलरसाठी इन्फिनिटी हा कथाप्रधान खेळ सुरू केला. पण नवा संच आल्यामुळे त्यास प्रकाशक मिळाला नाही व काम थांबले. २०१६ मध्ये निर्मात्यांनी स्वतःच त्याची अपूर्ण प्रत विनामूल्य खुली केली. वेफॉरवर्ड या अमेरिकन संस्थेचा शांते हा खेळ रद्द होता होता बचावला. तयार झाल्यावरही त्याला दीर्घकाळ प्रकाशक सापडत नव्हता. अखेर कॅपकॉमने तो जून २००२ मध्ये, गेम बॉय ॲडव्हान्स येऊन वर्ष उलटल्यावर, प्रकाशित केला. समीक्षकांनी प्रशंसा केली. खप मात्र अल्प झाला. त्यापुढचा गेम बॉय ॲडव्हान्ससाठीचा भाग प्रकाशकाअभावी २००४ मध्ये सोडून द्यावा लागला. मूळ निर्माते मॅट बोझॉन व एरिन बोझॉन यांच्या सहभागाने त्याचे काम पुढे पूर्ण करण्यात आले आणि शांते ॲडव्हान्स : रिस्की रेव्होल्यूशन या नावाने तो २०२५ मध्ये, ज्या संचाचे उत्पादन कधीच बंद झाले होते, त्याच संचाच्या कार्ट्रिजवर विक्रीस आला.